अर्धा निरोप

गीताबाई ओल्या काथ्यानं दाराशेजारची चुन्याची खूण, घराचा आकडा, खरडत होती. ते पाहून जहांआरा फाइल सावरत दाराकडे धावली. ती गल्लीची आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. संमतीच्या चाळीस सह्या हव्या होत्या, फायलीत अकराच होत्या, आणि संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. नाहीतर पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग फुकट देण्याची योजना दुसऱ्या वस्तीला जाणार.

आत तापल्या पत्र्याखाली गीताबाईची सासू, आवडाबाई, डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडली होती. गेल्या वैशाखात ऊन लागलं तेव्हा तिला घाटी दवाखान्यात न्यायला जहांआरानंच रिक्षा आणली होती.

"गीताबाई, पुसू नका. ही खूण रंगासाठी आहे."

"खूण झाली की घर पडतं, आशाताई. पल्याड रस्ता रुंद केला, तवा अशाच खुणा व्हत्या."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

गीताबाईनं पदराला हात पुसले आणि मोबाइलवर गल्लीच्या गटातला निरोप लावला. जहांआराचाच आवाज आला, "महापालिकेची माणसं उद्या घरांवर चुन्यानं खूण करतील. कुणी अडवू नका." आणि निरोप तिथंच संपला.

जहांआराला आठवलं. बोलता बोलता गल्लीतल्या गरोदर मंतशाला कळा सुटल्याचा फोन आला, बटनावरचं बोट सुटलं आणि निरोप अर्धाच गेला. रंगाचं सगळं तिनं तासाभरानं पाठवलं. तोवर गल्लीनं सुतावरून स्वर्ग गाठला होता.

"पुढचं ऐकलं नाही का?"

"ऐकलं की. पन वाटलं, कुणी तरी तुमच्यावर दाब आणला असंल."

"माझ्या घरी चला. तिथंही हीच खूण आहे."

दोघी वळणावर आल्या. जहांआराच्या घराची भिंत ओली होती, खूण पुसली गेली होती. तिचा नवरा चांदपाशा बादली पालथी घालत होता.

"तूच तो बोली," तो नजर चुकवत म्हणाला, "निशान लगाते करके."

जहांआराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याच्या खिशातली तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि ओल्या भिंतीवर घराचा आकडा पुन्हा काढला. तेरातला तीन वाकडाच आला.

गीताबाई बघत राहिली. मग तिनं आपला मोबाइल जहांआराच्या तोंडाशी धरला.

"बोला आता, पहिल्यापासनं. बटन मी दाबून धरते."