दिलेली खुर्ची

"बसून तर बघा," मोनिका म्हणाली.

बिभीषण बसला नाही. कंपनीतून येऊन त्याने अजून बूटही काढले नव्हते. हॉलमध्ये, जिथे सकाळपर्यंत इस्त्रीचं टेबल होतं, तिथे एक सागवानी खुर्ची उभी होती. पाय खाली जाता जाता बाहेर फाकलेले, पाठ जराशी मागे रेललेली, बैठक वेताची, हात रुंद. नुकतंच जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहतं, तशी.

"मिड-सेंच्युरी मॉडर्न," मोनिका म्हणाली. "जिन्सीतल्या एका जुन्या फर्निचरवाल्याकडे मिळाली. आपण काय विकतोय हे त्याला कळलंच नाही."

बिभीषणला कळलं होतं. खुर्चीच्या उजव्या हाताच्या टोकाला, मसुरीच्या डाळीएवढा एक खळगा होता.

"तेवढं जरा झिजलंय," मोनिकाने त्यावरून बोट फिरवलं. "पण त्याला पॅटिना म्हणतात. त्याच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात."

त्या पॅटिनाला बिभीषण जन्मापासून ओळखत होता. तो त्याच्या वडिलांनी केला होता, अंगठीने.

अप्पाराव वैजापूरला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. खात्यात लोखंडी खुर्च्या आल्या तेव्हा जुन्या लाकडी खुर्च्यांचा लिलाव झाला, आणि अप्पारावांनी बोली लावून स्वतःचीच खुर्ची घरी आणली. पुढे ते निवृत्त झाले. ऑफिस गेलं, खुर्ची राहिली, मग त्यांनी घराचं ऑफिस केलं. घरात त्यांना अण्णा म्हणत. अण्णा फारसे बोलत नसत. अंगठी खुर्चीच्या हातावर वाजवत. एक टक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. तीनचा अर्थ काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिथपर्यंत वेळच येऊ दिली जात नसे. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. गरज पडली नाही. टक वाजलं की आई पदर डोक्यावर ओढून "आले" म्हणायची, आणि म्हणेपर्यंत आलेली असायची. तिचे परकरसुद्धा परसात साडीच्या आड वाळायचे, अण्णांच्या नजरेला पडायला नकोत म्हणून.

अण्णा गेले. तेराव्याला रीतीप्रमाणे त्यांच्या वापरातल्या वस्तू गुरुजींना द्यायच्या होत्या. गादी, छत्री, चपला, तांब्या. माणसाचा जीव ज्याच्यात अडकतो ते देऊन टाकायचं, म्हणजे तो ते शोधत माघारी येत नाही. गादीची गुंडाळी झाली तेव्हा अण्णांची थोरली बहीण, गोजरबाई आत्या, मध्ये पडली.

"गादीत कव्हा जीव व्हता त्याचा? सारा जलम खुर्चीत गेला. खुर्ची द्या."

भावकीला पटलं. गुरुजींच्या टेम्पोत खुर्ची उलटी ठेवली गेली, चारही पाय वर. टेम्पो निघाला तसं आत्याने उंबऱ्यातून बजावलं, "दिलेली वस्तू फिरून घरात येऊ नाय बरं का. आली तर एकटी येत नसती."

आणि आता ती आली होती. वैजापूरच्या घरात नाही, संभाजीनगरला बीड बायपासवरच्या फ्लॅटमध्ये, लिफ्टने. बिभीषणचं लग्न अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर झालेलं, त्यामुळे मोनिकाने ती कधी पाहिलेली नव्हती.

"परत कर," तो म्हणाला.

"का?"

"ढेकूण असतील."

"वेत नवीन भरलाय त्यानं."

"जुनी आहे गं."

"जुनी नाहीये, अहो. तेच तर. ही डिझाईन जुनी होतच नाही. सत्तर वर्षं झाली, मधे किती फॅशन आल्या अन् गेल्या, ही जात नाही. म्हणून तर क्लासिक म्हणतात."

जी वस्तू काही केल्या जात नाही, तिला मोनिका क्लासिक म्हणत होती. गोजरबाई आत्याकडे तिच्यासाठी वेगळा शब्द होता.

मोनिकाला खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण खरं सांगितलं तर ती घाबरली नसती. आनंदली असती. "सासऱ्यांची खुर्ची स्वतःहून घरी आली" असं म्हणत तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला असता, आणि समोर आई असती.

प्रश्न आईचाच होता. अण्णा गेल्यावर सुतक फिटेपर्यंत आई, म्हणजे अंबिकाबाई, गप्प होत्या. मग एक दिवस त्या हसल्या. बिभीषण तेव्हा तिशीला टेकला होता, आणि आईचं हसणं कसं असतं हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. मोठं होतं, जरासं घोड्यासारखं. मग पदर डोक्यावरून खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. मग आई बचत गटाच्या बायकांबरोबर फिरायला जाऊ लागली, टीव्हीचा आवाज वाढवू लागली, कांद्याच्या व्यापाऱ्याशी भांडू लागली. एवढी वर्षं ही बाई कुठे ठेवली होती, असा प्रश्न पडावा. आणि ही बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शनिवारी येणार होती. तिने ही खुर्ची पाहिली, की पदर परत वर जाईल आणि ते हसणं बंद होईल, याची बिभीषणला खात्री होती. भूत येईल की नाही हा पुढचा प्रश्न. आधी आई जाईल.

शेंद्र्याच्या कंपनीत बिभीषण क्वालिटीला होता. दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या पार्टवर लाल खूण करून 'रिजेक्ट' म्हणायचं, याचा त्याला पगार मिळे. घरी त्याच्याच्याने एक खुर्ची रिजेक्ट होईना. तिच्या समोरून जाताना तो नकळत शर्ट नीट करायचा. एकदा तर घरातली चप्पलही बाहेर काढून आला.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी होती. मोनिका क्लासवर शिकवायला गेली तशी त्याने खुर्ची उचलली आणि खाली नेली. गेटवरचा वॉचमन मुंजाबा तारेने बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा.

"घ्या मुंजाबा. तुम्हालाच."

मुंजाबाने खुर्चीकडे पाहिलं, मग बिभीषणकडे. "काय गुन्हा झाला का सायेब माझ्याकून?"

"नाही हो. बसा."

मुंजाबा बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून बिभीषणला वाटलं, सुटलो. मोनिकाला सांगायला त्याने 'पॉलिशला दिली' हे वाक्य तयार ठेवलं.

पण गेटवरून जाणारा प्रत्येक माणूस थांबू लागला. पाण्याच्या टँकरवाल्याने विचारलं, कुठून घेतली. अध्यक्षांच्या बायकोने मुंजाबाला उठवून स्वतःचा फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर खुर्ची होती, खाली बदामाच्या खुणा होत्या, आणि 'अशीच हवी' म्हणणारे लोक होते. यातल्या काही लोकांनी मेंटेनन्सच्या मेसेजला आयुष्यात उत्तर दिलं नव्हतं.

चारच्या सुमारास मुंजाबा खुर्ची डोक्यावर घेऊन दारात उभा.

"ठिवून घ्या सायेब तुमची."

"का हो, आवडली नाही?"

"आवडती ना. खुर्ची लई गुणाची हाये. पर हिच्यात बसलं का झोपच लागंना."

"वॉचमनला झोप नकोच असते."

"ते तुमचं बरुबर हाये. पर सवय नाय ना." मुंजाबाने खुर्ची हॉलमध्ये, नेमकी होती त्याच जागी ठेवली. मग आवाज खाली आणला. "आन एक सांगू का? सारखं वाटतंय, मागून आत्ता कुणीतरी हाक मारंल. दोनदा ताडकन् उठून उभा राह्यलो. गेटात कुत्रं सुदिक नव्हतं. मेंढरं अशी बिचकाय लागली का आमचा म्हतारा रान बदलायचा. सारा मेंढरांचा वाडा उठवायचा रातोरात. तुमचा फ्लॅट हाये, तुमाला उठवता यायचा नाय."

एवढा धीर देऊन तो निघून गेला.

मोनिका आली. फोटो तिनेही पाहिले होते. "गेटवर का ठेवली होती?"

"ऊन द्यायला."

"सावलीत?"

बिभीषणने फॅन वाढवला.

आता एकच आशा उरली होती: मोतीबिंदू. आईला समोरचा माणूस आवाजावरून कळायचा, टेबल गुडघ्याला लागल्यावर. ऑपरेशन सोमवारी होतं. शनिवार, रविवार निघाले की पुढचं पुढे. शनिवारी सकाळी त्याने खुर्चीवर सोलापुरी चादर टाकली. मोनिकाने ती काढली. त्याने पुन्हा टाकली. तिने पुन्हा काढली आणि म्हणाली, "चादर टाकायला घेतली का ती?"

तेवढ्यात बेल वाजली. मोनिका दार उघडायला गेली. बिभीषणला दुसरं काही सुचलं नाही. तो खुर्चीत बसला. हात खुर्चीच्या हातांवर, पाय जुळवून, जमेल तेवढी खुर्ची अंगाखाली घालून.

आई बोलतच आत आली. पदर खांद्यावर, हातात मेथीची पिशवी. सोफ्याच्या कडेला गुडघा आपटून ती सोफ्यावर बसली.

"आगं मोनिका, काय सांगू. कंडक्टर म्हणला, मावशी, अर्धं तिकीट पायजे तर आधार दाखवा. दाखवलं. त्यो फोटूकडं पाह्यतो, माझ्याकडं पाह्यतो. म्हणला, ह्ये तुमी नाय. म्हणलं, मीच हाये रे बाबा, पर तव्हा मालक होते."

आणि आई हसली. तेच ते, घोड्यासारखं. मोनिकाही हसत हसत चहा टाकायला आत गेली.

"बिभ्या कुढंय?"

"इथंच आहे आई."

"मंग बोल की. असा मुक्यावानी काय बसला?"

बिभीषण बोलणार होता. पण पाठीचा कणा त्या पाठीला इतका बरोबर टेकला होता, की ती त्याच मापाने बनवल्यासारखी वाटत होती. आई पुढचं सांगत होती, कन्नड गावच्या बाईने खिडकीची जागा कशी बळकावली ते. तो मान डोलवत होता. उजव्या हाताचं बोट केव्हा खळग्यावर गेलं हे त्याला कळलं नाही. बोटात लग्नातली अंगठी होती.

टक.

आईचं वाक्य मध्येच तुटलं. हात वर गेला. पदर डोक्यावर आला.

"आले," ती म्हणाली.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सोफ्याला अडखळली नाही, टेबलाला लागली नाही. बाहेर आली तेव्हा हातात पाण्याचा ग्लास होता. ती खुर्चीसमोर उभी राहिली, नजर फरशीवर, ग्लास पुढे केलेला.

"घ्या," ती म्हणाली.

आईने बिभीषणला आयुष्यात कधी 'घ्या' म्हटलं नव्हतं. त्याला हात पुढे करता येईना. त्याला वाटलं, ग्लास घेतला तर आपण संपलो, आणि नाही घेतला तर आई इथेच, अशीच उभी राहील.

"आई," तो म्हणाला. "मी आहे. बिभ्या."

मग आईने मान वर केली. ती वाकली, खुर्चीचा हात चाचपत बोटं पुढे नेली आणि खळग्याशी थांबली.

"हीच व्हय ती?"

"हो."

"कोन आनली?"

"मी," चहा घेऊन आलेली मोनिका म्हणाली. "छान आहे ना, आई?"

"छान हाये," आई म्हणाली. "जशीच्या तशी हाये. काय झालं नाय तिला."

हातातल्या ग्लासाकडे तिचं लक्ष गेलं. तिने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि सोफा सोडून भिंतीला टेकून खाली बसली. त्या दिवशी टीव्ही लागला नाही. कन्नडच्या बाईचं पुढे काय झालं, तेही कळलं नाही. मोनिकाला वाटलं, प्रवासाने दमल्या असतील. बिभीषण दोन्ही हात खिशात घालून जेवायच्या वेळेपर्यंत घरभर फिरत राहिला. अंगठी त्याने काढून देव्हाऱ्यात ठेवली.

सकाळी मोनिकाच्या हाकेने त्याला जाग आली. "अहो, इकडं या. लवकर."

खुर्ची हॉलमध्ये नव्हती. गॅलरीत होती, कुणीतरी फरशीवरून ओढत नेलेली. आणि तिच्या पाठीवर, दोन्ही हातांवरून ताणून, आईचा धुतलेला परकर पसरलेला होता. गडद निळा, नाडी खाली लोंबत असलेला. वेतातून पाणी ठिबकत होतं. खुर्चीच्या पायाशी आई मेथी निवडत बसली होती.

"आई, वेत सडेल हो," मोनिका म्हणाली. "मिड-सेंच्युरी आहे ती."

"काय हाये?"

"म्हणजे, फार किमती असते."

"आसंल," आई म्हणाली. "वाळू दे. ऊन तिथंच येतंय."

मोनिकाने बिभीषणकडे पाहिलं. तो खुर्चीकडे पाहत होता. परकराच्या काठाला पाणी जमत होतं.

टप. एक थेंब फरशीवर पडला.

आईचे हात थांबले. पदर कालपासून डोक्यावरच होता. तिने एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला.

टप.

ती उठली नाही.

तिसरा थेंब पडला. काही झालं नाही. आईने पुढची जुडी सोडली.