शेवटची दोन मिनिटं

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि काचेपलीकडे बघत विचारलं, "आलं ना रे नीट?"

काचेमागे बसलेल्या रेकॉर्डिस्टने मान डोलावली. मग त्याची नजर मशीनवर गेली. आकडे जिथल्या तिथे थांबलेले. मास्तरांनी बारा मिनिटं वाजवलं, शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीने दोनदा डोळे पुसले, आणि या शहाण्याने बटणच दाबलं नव्हतं.

आता बोंबला. बावीस वर्षं याच खुर्चीत काढलेल्या माणसाने करावी का ही चूक? आधी तालीम झाली, ती त्याने रेकॉर्ड केली, आवाज तपासला, मशीन थांबवलं. इथवर सगळं ठीक. पण मास्तरांची एक खोड होती. 'सुरू करू या का' असं ते कधी विचारत नसत. घोटभर पाणी प्यायले, खाकरले, की लागले वाजवायला. आजही तेच झालं, आणि पहिल्याच सुराला हा गडी असा हरवला की हात मांडीवरच राहिले.

दिवस तरी कुठला निवडावा? उद्या सकाळी दहाला मास्तरांचे वरचे पुढचे दात काढायचे होते. क्लॅरिनेट नेमकं त्याच दातांना टेकतं. या वयात दात गेले की वाजवणं संपलं, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तर लेकीने धावपळ करून आजची वेळ मिळवली होती. दातांच्या एवढ्या ठणक्यात तालमीनंतर ते एकदाच वाजवणार, हे ठरलेलं.

रेकॉर्डिस्ट उठला, बसला, पुन्हा उठला. हेडफोन गळ्यात अडकवले, काढून ठेवले, उगाच एक वायर उपसून परत लावली. वाट काही अवघड नव्हती. तालमीचं रेकॉर्डिंग होतं की, अगदी स्वच्छ. तेच द्यायचं. मास्तर स्वतःचं रेकॉर्डिंग जन्मात ऐकत नाहीत. शेवटची दोन मिनिटं तेवढी तालमीत नव्हती, ती त्यांना आत्ता वाजवता वाजवता सुचली होती. गेली तर गेली. कुणाच्या बापाला पत्ता लागतोय?

पण डोकं गप्प बसेना. एकोणिसाव्या वर्षी त्याने मास्तरांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा भरल्या सभागृहात ते मधेच थांबले होते. कुणाला काही खटकलंही नव्हतं. "एक जागा खोटी वाजली माझी, पुन्हा घेतो," एवढंच म्हणाले आणि पहिल्यापासून वाजवलं. त्या एका वाक्यापायी हा घरच्यांशी भांडून या धंद्यात आला होता. आणि आता त्यांनाच फसवायचं? त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तो दार ढकलून आत गेला. "मास्तर, मी बटण दाबलंच नाही. काही आलेलं नाही."

लेक ताडकन उठली. "अहो, काय बोलताय कळतंय का तुम्हाला? उद्या बाबांचे..."

मास्तर ओठ चाचपत राहिले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं रेकॉर्डिस्टला झालं. पण त्यांनी क्लॅरिनेट उचललं. एक ओळ वाजली. दुसरीला चेहरा पिळवटला आणि हात खाली आले.

"नाही होत," ते म्हणाले. "तालीम आहे ना, ती ठेव. शेवट तेवढा राहिला. काय वाजवलं रे मी?"

"तुम्हीच तर वाजवलंत, मास्तर."

"वाजवणाऱ्याच्या कुठे लक्षात राहतं? तू ऐकलंस ना?"

"ऐकत बसलो म्हणून तर बटण राहिलं."

"मग म्हण." ते माईकसमोरच्या खुर्चीतून उठले आणि लेकीला म्हणाले, "तू जा काचेमागे. कुठलं बटण, ते विचारून घे याला."

रेकॉर्डिस्टने तिला बटण दाखवलं. हा माणूस कधी न्हाणीघरातही गायला नव्हता. तरी बसला. डोळे मिटून, चाचरत, जसं कानात होतं तसं गुणगुणायला लागला. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि तो ओशाळून थांबला. मास्तर त्याच्या पुढ्यात वाकून, कान देऊन उभे होते.

"थांबू नकोस रे," ते म्हणाले. "कसं संपलं ते मला कळू दे."