ताईसाठी एक दिवस

"कडू आहे रे," नमिता म्हणाली.

"तशीच असते, ताई. हळूहळू आवडायला लागते," पार्थ म्हणाला. "ही इथलेच लोक बनवतात. दुकानातल्यासारखी नाही."

घाटमाथ्यावरच्या पठारावर माणसं गवतात पाय पसरून बसली होती. मंचावर एक स्थूल बाई गिटारच्या साथीनं खर्जात गात होती. दरीतून वारा येत होता. नमितानं ओढणी गळ्याभोवती गुंडाळली आणि ग्लास तसाच हातात धरून ठेवला. सत्तेचाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच बियर ओठाला लावली होती, तीही धाकट्या भावाच्या हट्टापायी.

तीन वर्षांपूर्वी बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा तिनं रबाळ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. तेव्हापासून नेरूळच्या त्या दोन खोल्यांतून ती बाहेर पडायची ती भाजी आणि औषधांपुरती. त्यामुळे पार्थ आणि त्याची बायको श्रुती घरी येऊन म्हणाले, "ताई, एक दिवस फक्त तुझा," तेव्हा तिला भरून आलं होतं. सारसोळ्याहून कामाला येणाऱ्या शालनला बाबांपाशी बसवून ती सकाळी गाडीत बसली. वाटेत ती इतकी बोलली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"ही बाई एकच ओळ दोनदा का म्हणते?"

"ब्लूज म्हणतात याला. दुःखाची गाणी, अशीच असतात. एकदा सांगून मन भरत नाही त्यांचं." पार्थ थोडा घुटमळला. "ताई, एक बोलायचं होतं."

श्रुती लगेच उठली. "मी काहीतरी खायला घेऊन येते," म्हणाली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. तिची ताटली अजून भरलेली होती.

"कंपनी मला टोरांटोला पाठवतेय. व्हिसा आला आमचा. जानेवारीत निघायचंय."

"अरे वा. किती महिने?"

"महिने नाही गं. तिकडेच सेटल व्हायचं म्हणतोय."

नमितानं ग्लास गवतावर ठेवला. "आणि बाबा?"

"तू आहेस ना," पार्थ म्हणाला. "तू आहेस म्हणून तर मी जाऊ शकतोय. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी गेलोच नसतो."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. त्यामुळे त्याच्यावर रागावणंही तिला जमेना.

"मला विचारलंस?"

"अगं, काम होईल की नाही याचीच गॅरंटी नव्हती. उगाच तुला टेन्शन कशाला? शालनला फुल टाइम ठेवू. मी रोज व्हिडिओ कॉल करीन."

"मला विचारलंस का, पार्थ?"

तो मंचाकडे बघत राहिला.

आज इथं का आणलं, ते तिच्या आता लक्षात आलं. घरी ती उठून स्वयंपाकघरात गेली असती, बाबांच्या कानावरही काहीबाही पडलं असतं. इथं तिला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"घरी चल," ती उठत म्हणाली.

"आता कसं निघणार? खाली गाड्या एकीला एक चिकटून लावल्यात. सगळं संपल्याशिवाय आपली गाडी सुटायची नाही."

ती पठाराच्या कडेला बांबूच्या कुंपणापर्यंत गेली. खाली एकच रस्ता वळणं घेत उतरत होता. त्यावर ना रिक्षा होती ना एसटी. पार्थ मागोमाग आला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताय, बाबा जेवत नाय," शालन म्हणाली. "तोंडच उघडीत नाय. नमू कुठं, नमू कुठं, येवढाच चाललाय त्यांचा."

नमितानं फोन पार्थच्या हातात दिला. "बोल."

"मी? अगं, त्यांना सवय तुझी..."

"बोल त्यांच्याशी."

पार्थनं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. "बाबा, मी पार्थ. नाही, नमू नाही. पार्थ बोलतोय. पार्थ, बाबा." त्याचा आवाज चढत गेला आणि मग एकदम खाली आला. फोन काढून घ्यावा, दोन शब्द बोलावे, की बाबा तोंड उघडतील, हे नमिताला माहीत होतं. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"तूच पाहिजेस म्हणतायत," पार्थनं फोन पुढे केला. त्याचे डोळे भरले होते.

"सांग त्यांना, नमू गाणं ऐकतेय."

ती वळली आणि मंचाच्या दिशेनं चालू लागली. मघाच्या जागेवर ती गेली नाही, सरळ पुढे गेली. बसलेल्या माणसांमध्ये ती एकटीच उभी राहिली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, बसता का जरा? दिसत नाही."

पुढच्या अनोळखी मुलींनी सरकून जागा करून दिली. नमिता गुडघे पोटाशी घेऊन तिथं बसली. मागे कुंपणापाशी पार्थ अजून फोनवर बोलत होता.