अंधेरीच्या पायपेटीचा जळफळाट

मी एक जुनी पायपेटी आहे. कुर्ल्याच्या एका सुताराने मला सागाची घडवली आणि अंधेरीच्या या चर्चच्या हॉलात माझा जन्म गेला. लग्न असो की नाताळ, सगळं माझ्याच सुरावर. मित्रांनो, कौतुकाची सवय फार वाईट.

शहाऐंशी साली चर्चची गाणी बसवणाऱ्या बेनी मास्तरांनी मोठा घाट घातला. बायबलमधल्या शौल राजाची गोष्ट, युरोपात जुन्या काळी गाण्यांत बांधलेली. नाटक न करता नुसती उभ्याने गायची. पोरसवद्या दाविदाचं कौतुक होतं म्हणून राजा जळतो. मला राजा फार पटला.

दाविदाचं गाणं पद्मजाला मिळालं. समोरच्या चाळीतली ही मालवणी पोर रोज ऑफिस सुटलं की माझ्यापाशी यायची. आई तिला म्हणायची, "गाऊक व्हया तर देवळात गा." शेवटी ठरलं, आईने एकदा ऐकायचं. नाही पटलं तर गाणं बंद.

आणि कार्यक्रमाच्या दुपारी तो आला. नंदूच्या भावाने दुबईहून आणलेला कीबोर्ड. चपटा मेला, धड पायही नाहीत. कालपर्यंत मला वाजवणारा नंदू त्याच्यापुढे बसला. मला कोपऱ्यात ढकलून वर चहाचे कप ठेवले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. याची फजिती होऊ दे, असं मी म्हटलं, खोटं कशाला सांगू?

धूळ बसून माझा सूर कधीचा उतरला होता. मास्तर दरवर्षी म्हणायचे, "नाताळानंतर बघू." तोच उतरलेला सूर पद्मजाच्या गळ्यात बसला होता. कार्यक्रमात तिच्या गाण्याची सुरुवात वाद्याशिवाय होती, तेवढी झकास झाली. मग कीबोर्ड येऊन मिळाला आणि वाट लागली. दोघांचं जुळेचना. ती थांबली. ऐकायला आलेली आई पदर सावरून उठायला लागली. मला हसू येणार होतं, ते भात्यातच राहिलं.

"सूर कुठला धरलायस गं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"पेटीचा. दुसरा येतच नाही मला."

नंदूने कीबोर्डच्या पाठीमागचं बटण जरासं फिरवलं आणि तो शहाणा खाली उतरून माझ्या सुरावर आला. पद्मजा पुन्हा गायली, आणि अशी गायली की आई बसली ती शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. लोक कीबोर्डला हात लावून बघत होते.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी मला साफ करून सुरात लावून घेतलं. पद्मजा येऊन दोन ओळी गायली आणि म्हणाली, "ही आपली पेटी वाटत नाही रे, नंदू."

मित्रांनो, घरात वाद्य असेल तर त्याची वेळच्या वेळी काळजी घ्या. हल्ली पद्मजाला माझा जुना सूर हवा असला की नंदू ते बटण फिरवतो. माझा सूर आता त्याच्याकडे आहे.