घण पडला तेव्हा मी बघत नव्हतो

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला. ओळख करून द्यायची तर आधी हेच सांगितलेलं बरं.

माझी उमेदीची वर्षं एका कारखान्याच्या डिझाइन विभागात गेली. यंत्रं लोखंडात घडण्याआधीच माझ्या पोटात मोडून बघायची, हे माझं काम. पाहुणे आले की साहेब माझ्या पाठीवर थाप मारत.

एकदा मोठ्या घणाच्या यंत्राला नवी चौकट हवी होती. यंत्र चालवणारे मामा स्वतः जिना चढून आले आणि डिझाइनवाल्या ताईंच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "घण असा पडतो आणि संपतो, ताई. पापणी लवायच्या आत. मी शेजारीच उभा असतो, एवढं ध्यानात असू द्या."

ताईंनी ध्यानात ठेवलं. कोणत्या क्षणी किती जोर, याचा तक्ता त्यांनी मला भरून दिला. पाव सेकंद काहीच नाही, मग क्षणभर प्रचंड जोर, पुन्हा काही नाही. सेकंदाचे दोन हजार तुकडे कर आणि प्रत्येक तुकडा संपताना चौकट तपास, असं बजावून त्या मोजमापांसाठी खाली गेल्या. काम सहा तासांचं होतं.

साहेबांना अहवाल जेवणाआधी हवा होता. त्यांनी दोन हजारांच्या जागी दहाच तुकडे करायला सांगितले. दुसऱ्या तुकड्याला मी पाहिलं, सगळं शांत. तिसऱ्याला पाहिलं, सगळं शांत. घण मधल्यामध्ये पडून गेला होता. दोन मिनिटांत मी हिरव्या अक्षरांत 'सुरक्षित' लिहिलं. साहेबांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. अहवालावर नाव ताईंचं छापलं गेलं, कारण काम त्यांनी सुरू केलं होतं.

परत येऊन ताई म्हणाल्या, एवढ्यात कसं झालं, पुन्हा तपासते. साहेब म्हणाले, "हिरवं आलंय ना? मग कशाला उकरताय?" ताईंनी अहवाल फायलीत लावला.

चौकट तिसऱ्या आठवड्यात तुटली.

चौकशीत ताईंनी तुकड्यांचा आकडा दाखवला. साहेब म्हणाले, "संगणक म्हातारा झालाय, आकडे विसरतो." ताईंना घरी बसवलं, मला भंगाराच्या खोलीत टाकलं. या खोलीची राखण आता मामा करतात, कुबडी भिंतीला टेकवून. पाय नाही म्हणून बसायचं काम दिलं. साहेब मनाचे फार मोठे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी गळ घालत नाही. माझ्यासारख्याला काही विचाराल तेव्हा त्याला कुठे कुठे बघायला सांगितलंत, ते आधी तपासा. आम्ही खोटं बोलत नाही. सांगाल तिथेच बघतो. मामा मधल्या जागेत उभे होते.