पावणेदोन तासांचं विमान

“पावणेदोन तास फकस्त. हे बघ, मोबाइलात दिलंय,” भाऊसोकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “चेन्नई ते पुणं, नऊशे किलोमीटर. अकराचं विमान हाय, म्हंजे एकला बाळासो दारात.”

“एकला पुण्यात, काका,” मंगल म्हणाली. “पुण्यापास्नं कुंडल काय विमानतळाला चिकटलंय व्हय? साडेचार तास लागत्यात.”

चुलत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहाटे गेलेली तिची आई सुलाबाई सोप्यात घोंगड्यावर होती. मुलगा आल्याशिवाय मयत हलवायचं नाही, हे भावकीनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. मुलगी होती की घरात. पण तिला विचारतो कोण?

नवरा गेल्यावर मंगल माहेरी आली त्याला आठ वर्षं झाली. त्याच वर्षी आईचे पाय गेले. उठवणं, न्हाऊ घालणं, हागणंमुतणं काढणं, सगळं तिनं एकटीनं केलं. धाकट्या बाळासोचं चेन्नईत सोनं गाळायचं दुकान. इकडची निम्मी पोरं त्याच धंद्यात देशभर पसरलीत, त्याचं नवल नाही. पण आठ वर्षांत तो दोनदा आला, तेही कुणाच्यातरी लग्नाला. “लय लांब पडतंय गं अक्का,” हे ठरलेलं. आईलाही दुरून डोंगर साजरे. रविवारी त्याचा फोन आला की दिवसभर खूश. मंगलच्या कालवणात मात्र कायम मीठ कमी.

आईला स्वच्छतेचं भारी वेड. “मी गेले की मला ताटकळत ठिवू नगंस, उनाची तर मुळीच न्हाई,” असं तिनं मंगलकडून वदवून घेतलं होतं. आणि आता चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. एक वाजता बाळासोचा फोन आला. विमानाला उशीर झाला होता, तो आत्ता कुठे बसत होता.

“मग उद्या सकाळी उरकू,” काका म्हणाले. “बरफ मागवा.”

मंगल उठली. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

“बरफ कशाला? आज चेन्नई पावणेदोन तासांवर आली व्हय? आठ वर्सं ती दाराकडं डोळं लावून बसली, तवा ह्यो मोबाइल कुटं हुता तुमचा? तवा कुणी मोजलं न्हाई.”

“मंगल, बाईमाणसानं असं...”

“हागणं बाईमाणसानं काढल्यालं चाललं की. मडकं बी मीच धरते. तुमी खांदा देताय का गाडी सांगू?”

काकांनी मान खाली घातली. मग तेच पुढं झाले आणि तिरडीचा बांबू धरला. विस्तवाचं मडकं घेऊन मंगल सगळ्यांच्या पुढं चालली. अग्नी तिनंच दिला.

बाळासो दिवेलागण होऊन गेल्यावर आला. रिकामा सोपा बघून मटकन खाली बसला.

“थांबली न्हाईस अक्का माज्यासाठी.” मग त्यानं विचारलं, “शेवटी काय म्हणली आई?”

खोटं सांगता आलं असतं. आठ वर्षं आईला ती खोटंच तर सांगत आली होती. येतोय, निघालाय.

“तुला हाक मारली,” मंगल म्हणाली. “तोंडात पाणी मी घालत हुते. तरी तुलाच.”

बाळासो ओक्साबोक्शी रडू लागला. सगळी भावकी त्याच्याभोवती गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मंगल आईची गोधडी काखेत मारून नळावर गेली आणि आपटून आपटून धुवू लागली.