तीन चॅनल, चार घरं

भुकूमच्या त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर चार घरं होती आणि चारही घरांचं वायफाय रडत होतं. त्यातली जुईली हिंजवडीतल्या एका दूरसंचार कंपनीत संशोधक. एकत्र येऊन सगळ्यांचा फायदा कसा करायचा आणि तो वाटायचा कसा, याचं गणित म्हणजे सहकारी गेम थिअरी. तो तिचा विषय. त्यावरच परदेशी मंडळींसमोर ऑनलाइन बोलताना तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला, तेव्हा तिनं शेजाऱ्यांना बोलावून घेतलं. बैठक गोजराबाईंच्या घरी भरली. इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती.

"आपण सगळे एकाच चॅनलवर ओरडतोय," जुईली म्हणाली. "एकमेकांत न घुसणारे तीन चॅनल आहेत. एक, सहा आणि अकरा. ते वाटून घेऊ."

"मला एक," निवृत्त बँक मॅनेजर नरहरी म्हणाले.

"काका, नंबरानं काही फरक पडत नाही."

"मग द्यायला काय हरकत आहे?"

"मला सहा," गोजराबाई म्हणाल्या. "मधला बरा. दोन्हीकडचं कळतंय."

पौडला कपड्यांचं दुकान असलेल्या साबेरानं अकरा घेतला. सगळे उठले.

"आणि मी?" जुईलीनं विचारलं.

"तीनच हायेत म्हणलीस ना," गोजराबाई म्हणाल्या. "तिघांचं भागलं."

"पण युक्ती माझी होती."

"म्हणून तर तुला च्या पाजला."

छोटा गट फुटून आपलं आपण भागवतो, हे जुईलीनं कितीतरी शोधनिबंधांत सिद्ध केलं होतं. आपल्यालाच बाहेर बसवतील असं मात्र तिच्या मनात आलं नव्हतं. बाहेर राहिलेला किती त्रास देऊ शकतो यावर त्याची किंमत ठरते, हेही तिच्याच विषयात होतं. घरी येऊन तिनं आपला राउटर पूर्ण जोरात नरहरींच्याच एक नंबर चॅनलवर लावला.

सकाळी नरहरींचा ऑनलाइन योगवर्ग शवासनात अडकला. बाई उठायला सांगतील म्हणून ते बराच वेळ पडून राहिले. मग तिच्या दारात आले.

"हा खोडसाळपणा आहे."

"हा माझा विषय आहे," जुईली म्हणाली.

आवाज ऐकून साबेरा बाहेर आली. "तुझा राउटर बंद कर आणि आमचा वापर. आपली भिंत एकच आहे. बदल्यात माझ्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळ."

जुईलीला जरा कमीपणा वाटला, पण सौदा वाईट नव्हता. नरहरी योगाला परत गेले. त्या महिन्यात जुईलीनं इन्स्टाग्रामवर दुकानातल्या ओढण्यांबद्दल लिहिलेल्या ओळी तिच्या सगळ्या शोधनिबंधांपेक्षा जास्त लोकांनी वाचल्या. तिला ते फार आवडलं, आणि ऑफिसात तिनं ते कुणाला कळू दिलं नाही.